पानिपताहून परतलेले

१

काही स्थलनामे भाषेत इतकी रुळतात की ती केवळ स्थलनामे राहत नाहीत. 'पानिपत' हे मराठीतले तसे नाव आहे. एखाद्याचे 'पानिपत झाले' असे आपण म्हणतो, तेव्हा दिल्लीच्या उत्तरेस असलेले, हातमागाचे आणि लोकरीच्या कापडाचे ते गाव आपल्या मनात नसते. मनात असतो तो सर्वनाश. निवडणुकीतला पराभव असो, व्यवहारातले दिवाळे असो किंवा घरातल्या बेताचा बोजवारा असो, हा एक शब्द सगळ्यांना पुरतो. जे सांगायचे ते सगळे त्यात येऊन गेले, असे आपण धरून चालतो.

परंतु या वाक्प्रचारात एक गृहीत दडलेले आहे. १४ जानेवारी १७६१ च्या सायंकाळी ही कथा संपली, असे तो मानतो. वस्तुतः त्या सायंकाळनंतर रात्र झाली, आणि रात्रीनंतर १५ जानेवारीची सकाळही उजाडली. ऐन थंडीतल्या त्या सकाळी हजारो माणसे अंगावरच्या वस्त्रानिशी, आणि कित्येक तर वस्त्रांवाचूनही, दक्षिणेची दिशा धरून चालत होती. त्यांत शिपाई होते, कारकून होते, बाजारबुणगे होते, यात्रेसाठी सैन्याबरोबर आलेली कुटुंबे होती. अनेकजण विशीच्या आतबाहेरचे होते. 'निर्वासित' हा शब्द त्या काळच्या मराठीत आजच्या अर्थाने रूढ नव्हता. अवस्था मात्र तीच होती.

रणात पडलेल्यांचा इतिहास आपण पुष्कळ लिहिला. 'भाऊसाहेबांची बखर' आहे, त्र्यंबक शंकर शेजवलकरांचा १९६१ मधला 'पानिपत : १७६१' हा ग्रंथ आहे, विश्वास पाटलांची १९८८ ची 'पानिपत' ही कादंबरी आहे. या साऱ्यांचे सामर्थ्य मान्य करूनही असे म्हणावे लागते की, आपल्या सामूहिक स्मृतीत जे पडले त्यांना जागा मिळाली. जे परतले त्यांना फारच थोडी मिळाली, आणि ज्यांनी त्यांना परतू दिले त्यांना तर जवळजवळ मिळालीच नाही. उद्ध्वस्त झालेला तरुण माणूस पुन्हा उभा कसा राहतो, आणि त्यात भोवतालच्या समाजाचा वाटा किती असतो, या प्रश्नाचे उत्तर मात्र नेमके या उपेक्षित भागात आहे. एखाद्याचा जीव वाचवणे हे एका माणसाचे काम असू शकते. त्याचे आयुष्य पुन्हा उभे करणे हे एकट्या माणसाचे काम कधीच नसते. या लेखाचे प्रतिपादन एवढेच आहे, आणि पानिपत हे त्याचे उदाहरण आहे.

२

प्रथम, आपण ज्यांच्याविषयी बोलतो आहोत ती माणसे कोण होती, हे ध्यानात घ्यावयास हवे. सदाशिवरावभाऊंच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणाऱ्यांची संख्या मोठी होती. उत्तरेतील तीर्थे पाहण्याची संधी म्हणून अनेक कुटुंबे सैन्यासोबत निघाली होती. १७६० च्या नोव्हेंबरपासून पानिपतच्या आश्रयाने छावणी पडली, तेव्हापासून अन्नाची कोंडी वाढत गेली. लढाईच्या दिवशी जे मैदानात उतरले ते उपाशीपोटी उतरले, आणि जे निसटले ते त्याच उपाशी अवस्थेत निसटले.

पुढचा मुलूखही परका होता. यमुनेच्या काठापासून चंबळेपर्यंतच्या प्रदेशातल्या रयतेने मराठ्यांची खंडणी पाहिली होती, घोडदळाखाली तुडवलेली शेते पाहिली होती. पळणाऱ्यांना वाटेत लुटणारेही होते आणि मारणारेही होते, याचे आश्चर्य वाटू नये. पराभूतांचा मार्ग सर्वत्र सहानुभूतीने भरलेला होता असे भाबडे चित्र रंगवण्याचे कारण नाही. किंबहुना, या पार्श्वभूमीमुळेच जो आसरा मिळाला त्याचे मोल वाढते.

विजयी पक्षाच्या छावणीतसुद्धा आसऱ्याची एक जागा होती. अयोध्येचा नबाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने उभा होता. त्याच्या पदरी काशीराज नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता, आणि त्याने पुढे या लढाईची हकीकत फारसीत लिहिली. नबाबाच्या तळाकडे धावलेल्या काही हजार लोकांना तेथे संरक्षण मिळाले आणि त्यांना सूरजमलच्या मुलखाच्या दिशेने सुखरूप पाठवण्यात आले, असे त्या हकीकतीवरून दिसते. विश्वासरावांच्या देहाचे अंत्यसंस्कार होऊ शकले, तेही शुजाच्या आणि त्याच्या हिंदू सरदारांच्या मध्यस्थीमुळे. शत्रू आणि मित्र यांची रेषा रणांगणावर जितकी स्वच्छ दिसते तितकी ती दुसऱ्या दिवशी सकाळी राहत नाही, हा पानिपतचा पहिला धडा आहे.

३

परतलेल्यांपैकी एका तरुणाने आपली हकीकत स्वतः लिहून ठेवली. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे पुढचे नाना फडणीस, १२ फेब्रुवारी १७४२ रोजी जन्मले. पानिपतच्या दिवशी त्यांचे एकोणिसावे वर्ष पुरे व्हायला महिना उरला होता. वडील आधीच वारले होते. आई आणि पत्नी यांना घेऊन ते भाऊंच्या सैन्यासमवेत उत्तरेत आले होते, आणि त्यांच्या मनात मोहिमेइतकीच तीर्थयात्राही होती. लढाईनंतर ते निसटले. पत्नी काही काळाने भेटली. आई परत आली नाही.

नानांचे हे आत्मचरित्र थोडक्या पानांचे आहे. मराठीतील आत्मचरित्रात्मक लेखनाचा इतिहास सांगताना त्याचा उल्लेख आरंभीच होतो. या लेखनाची चर्चा बहुधा दोन अंगांनी झालेली आहे. इतिहासकारांनी ते साधन म्हणून पाहिले. साहित्याच्या अभ्यासकांनी त्यातील कबुलीचा सूर, तरुण मनाची पापभीरू वृत्ती आणि भक्तीची ओढ पाहिली. तिसऱ्या अंगाने ते फारसे वाचले गेलेले नाही. ही एका निर्वासित तरुणाची जबानी आहे. मराठी गद्यात 'मी' या सर्वनामाने आपले आयुष्य सांगण्याचा जो एक अगदी प्रारंभीचा प्रयत्न झाला, त्याच्या केंद्रस्थानी घरदार, आई आणि आपली ओळख हरवून परक्या मुलखातून चालणारा मुलगा आहे. ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने लहान नव्हे.

या जबानीतला क्रम अर्थपूर्ण आहे. प्रथम वस्त्रे आणि वाहन जाते. मग सोबती पांगतात. मग भूक येते, आणि भुकेबरोबर भय: समोरून येणारा माणूस अन्न देईल की जीव घेईल, हे कळत नाही. फडणिशी ज्याच्या घराण्यात चालत आलेली, त्या तरुणाला आपण कोण हे सांगणेही धोक्याचे होऊन बसते. निर्वासितपणाचे मर्म केवळ घर गमावण्यात नाही, ते नाव गमावण्यात आहे. जो आपले नाव मोकळेपणाने सांगू शकत नाही, त्याच्यापाशी देशही उरत नाही.

हे चित्र बदलते ते ओळखीच्या धाग्यापाशी. प्रवासात पुढे आश्रयाची घरे भेटतात, अंगावर वस्त्र येते, पोटात अन्न जाते. परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणीतरी त्याला त्याच्या नावाने ओळखते. आपल्या माणसांच्या बातम्या मिळू लागतात: अमुक जिवंत आहे, तमुक अमक्या गावी पोहोचला. पत्नीचा ठावठिकाणा लागतो. त्या काळी दक्षिणेतील सावकारांचे, पुरोहितांचे, वकिलांचे आणि कारकुनांचे जाळे उत्तर हिंदुस्थानभर पसरलेले होते. पैसा, पत्रे आणि बातम्या यांसाठी विणलेल्या त्या जाळ्याने संकटकाळी माणसे झेलली. 'समाजाचा आधार' हा शब्दप्रयोग आपण आज सैलपणे वापरतो. त्याचा मूर्त अर्थ येथे दिसतो. हाक मारणारा, निरोप पोहोचवणारा, हुंडी वटवणारा आणि घरी ठेवून घेणारा, अशी माणसांची साखळी म्हणजे आधार.

४

या साखळीतील सर्वांत भक्कम कडी होती भरतपूरचे जाट राज्य. ते मराठ्यांचे ऋणी मुळीच नव्हते. सातच वर्षांपूर्वी, १७५४ मध्ये, मराठ्यांनी जाटांच्या कुंभेरीच्या किल्ल्याला वेढा घातला होता, आणि त्याच वेढ्यात मल्हारराव होळकरांचे पुत्र व अहल्याबाईंचे पती खंडेराव मारले गेले होते. १७६० मध्ये सूरजमल भाऊंच्या बाजूला आला खरा. पण मोहीम कशी चालवावी आणि दिल्लीचे काय करावे, यांवरून मतभेद होऊन तो लढाईपूर्वीच आपल्या मुलखात परतला. दुखावलेला मित्र हा पुष्कळदा शत्रूहून कठोर असतो. सूरजमलने दार लावून घेतले असते, तर इतिहासाने त्याला फारसा दोष दिला नसता. शिवाय विजयी अब्दालीची फौज दूर नव्हती आणि पराभूतांना थारा देणे म्हणजे तिचा रोष ओढवून घेणे होते.

तरीही दार उघडे राहिले. डीग, कुंभेर, भरतपूर आणि मथुरेच्या आसपासच्या भागात मराठी फरारींच्या झुंडी पोहोचल्या, तेव्हा सूरजमल आणि राणी किशोरी यांनी त्यांच्या अन्नाची, वस्त्रांची आणि औषधोपचाराची सोय केली. किती माणसे आणि किती रुपये, याचे आकडे निरनिराळ्या हकीकतींत निरनिराळे आहेत. खर्च लाखांच्या घरात गेला यावर मात्र बहुतेकांचे एकमत दिसते. बाजीराव आणि मस्तानी यांचा पुत्र समशेरबहादूर जखमी अवस्थेत याच प्रदेशात आला आणि तेथेच त्याचा अंत झाला. ज्यांच्या अंगी प्रवासाचे बळ आले त्यांना वाटखर्च देऊन, सोबत देऊन ग्वाल्हेरीकडे रवाना करण्यात आले.

या घटनेचे वर्णन करताना आपले लेखक सहसा 'औदार्य' हा शब्द योजतात. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. औदार्य हा एका राजाच्या किंवा राणीच्या मनाचा गुण झाला. हजारो उपाशी माणसांना दिवसामागून दिवस जेऊ घालायचे तर धान्याची कोठारे लागतात, दळणारे हात लागतात, चुली लागतात, जखमा बांधणारे वैद्य आणि जागा देणारी घरे लागतात. राणीची आज्ञा झाली तरी पीठ गावातल्या बायांनीच दळावयाचे असते. त्या बायांनी काही वर्षांपूर्वी मराठी घोडदळाच्या टापा ऐकल्या होत्या. त्यांची नावे कोणत्याही कागदात नाहीत. मराठी इतिहासाच्या ऋणकोशात पहिली नोंद व्हावयास हवी ती त्यांची.

५

दुसरे उदाहरण महादजी शिंद्यांचे. ते तेव्हा तिशीत होते. एका अफगाण स्वाराने त्यांचा पाठलाग केला, पायावर घाव घातला, अंगावरचे होते नव्हते ते काढून घेतले आणि त्यांना मरणासाठी सोडून दिले. या घावाने ते जन्माचे लंगडे झाले. पखालीने पाणी वाहणाऱ्या राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना पाहिले, आपल्या बैलावर घातले आणि सुरक्षित स्थळी आणले. ही कथा महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. जॉन माल्कमने नोंदवलेला तिचा एक तपशील मात्र कमी सांगितला जातो. पुढे कितीतरी काळ महादजींना झोपेत तो अफगाण स्वार आणि त्याचे बोजड घोडे आपल्या पाठीशी धावताना दिसत असे. दिल्लीच्या पातशहाला गादीवर बसवणारा हा सेनानी आपल्या पाठलागाचे स्वप्न विसरू शकला नाही. शरीराची जखम बुजते. परागंदा झालेल्या माणसाची ही दुसरी जखम बुजायला फार वेळ लागतो.

राणेखानाने जीव वाचवला. येथवर ही एका माणसाच्या करुणेची कथा आहे. तथापि जीव वाचल्यामुळे महादजींचे आयुष्य उभे राहिले असे झाले नाही. जनकोजी शिंदे, विशीही न गाठलेले सरदार, कैदेत मारले गेले होते. तुकोजी पडले होते. महादजी राणोजींचे दासीपुत्र असल्याने सरदारीवरचा त्यांचा हक्क वादाचा ठरला. पुण्याच्या दरबारात पक्ष पडले. सरदारीची वस्त्रे निर्वेधपणे पदरात पडायला १७६८ साल उजाडावे लागले. मधली सात वर्षे धरून ठेवणाऱ्यांची आहेत: त्यांच्यावर विश्वास ठेवून बरोबर राहिलेले जुने शिलेदार, शिंद्यांच्या घराण्यातील त्यांच्या बाजूची माणसे, आणि अखेरीस स्वतः सोळाव्या वर्षी उद्ध्वस्त दौलतीचा धनी झालेला माधवराव पेशवा. एक तरुण पेशवा पानिपताहून परतलेल्या माणसांवर कामे सोपवतो, नानांना फडात बसवतो, महादजींचा हक्क मान्य करतो, ही केवळ राजकारणातील चाल नव्हती. अन्नाने माणूस जगतो. तो पुन्हा उभा राहतो तो त्याच्यावर टाकलेल्या जबाबदारीने.

महादजींनी राणेखानाला भाऊ मानले आणि 'भाई' ही उपाधी दिली. हे ऋण त्यांनी इनामावर फेडून टाकले नाही; भिस्त्याला सेनापती केले. १७८८ मध्ये गुलाम कादिराने दिल्लीत अत्याचार करून पातशहाचे डोळे काढले, तेव्हा दिल्ली सोडवण्यासाठी गेलेल्या मराठी फौजेचे नेतृत्व राणेखानाकडे होते. आश्रय देणारा आणि घेणारा यांचे नाते एकदिशेने वाहिले तर ते भिक्षेत जमा होते; दोन्ही दिशांनी वाहिले तरच त्यातून समाज तयार होतो.

६

येथपर्यंतची कथा आश्वासक आहे, आणि म्हणूनच ती येथे थांबवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नाना आणि महादजी यांना झेलणारे हात होते, कारण त्यांना नाव होते, घराणे होते, परतण्यासाठी घर होते. ज्यांना ते नव्हते त्यांचे काय झाले? लढाईच्या दुसऱ्या दिवशी पकडलेल्या पुरुषांची कत्तल झाली. हजारो स्त्रिया आणि मुले गुलाम म्हणून नेण्यात आली. त्यांतील काहींना खंडणी भरून सोडवण्यात आले. उरलेल्यांच्या मागावर कोणी गेले असेल, तर त्याचे कागद आपल्यापाशी नाहीत. बलुचिस्तानातील बुगटी टोळीत आपले मूळ या कैद्यांत असल्याची कथा सांगणारे लोक आहेत. हरयाणातील रोड समाजातही आपण पानिपतातून मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज आहोत, ही धारणा अलीकडच्या काळात दृढ झालेली आहे; कोल्हापूरचे इतिहास-अभ्यासक वसंतराव मोरे यांनी तिचा पुरस्कार केला. इतिहासाच्या कसोटीवर या दाव्यांविषयी मतभेद आहेत आणि राहतील. पण त्यांच्यामागची भावना खोटी म्हणता येत नाही. कोणीतरी मागे राहिले होते, आणि त्यांना शोधायला कोणी आले नाही, ही ती भावना होय.

पुण्यातही प्रतीक्षा संपली नव्हती. भाऊसाहेब जिवंत आहेत असे सांगत एक तोतया प्रकट झाला, त्याच्यामागे माणसे गोळा झाली, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. या प्रकरणाकडे आपण राजकीय कपट म्हणून पाहतो. पंधरा वर्षे उलटल्यावरही एका तोतयाच्या मागे इतकी माणसे जाऊ शकली, याचा अर्थ कितीतरी घरांत अजून कोणाची तरी वाट पाहिली जात होती. ज्या समाजाला आपल्या हरवलेल्यांचा हिशेब लावता येत नाही, तो तोतयांच्या हाती सापडतो. सदाशिवरावांच्या पत्नी पार्वतीबाई या आघातातून परतल्या, पण १७६३ मध्येच वारल्या. उभे राहण्यासाठी तरुण पुरुषाला दौलतीची कामे मिळाली. परतलेल्या स्त्रीला तसे काय मिळाले, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनाने क्वचितच विचारला.

७

१७६१ नंतर पानिपत आपल्या दृष्टीआड झाले. गावाचे आयुष्य मात्र पुढे चालू राहिले. उर्दू कवी अल्ताफ हुसेन हाली १८३७ मध्ये तेथे जन्मले आणि १९१४ मध्ये वारले. त्याच साली, त्यांच्याच वंशात, ख्वाजा अहमद अब्बास यांचा जन्म त्याच गावात झाला. बू अली शाह कलंदराच्या दर्ग्याभोवती वसलेल्या या गावात मुसलमान वस्ती मोठी होती, आणि घोंगड्यांचे विणकाम त्यांच्या हातचे होते. १९४७ मध्ये हे गाव पुन्हा एकदा निर्वासितांचे झाले. या वेळी मात्र दोन्ही दिशांनी.

पश्चिम पंजाबातून उखडलेली हिंदू-शीख कुटुंबे येथे येऊन धडकली. गांधीजी १० नोव्हेंबर आणि २ डिसेंबर १९४७ असे दोनदा पानिपतास गेले. ते निर्वासितांशी बोलले आणि मुसलमानांनी येथेच राहावे यासाठी प्रयत्न केला. त्यांना यश आले नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथे नांदलेला मुसलमान समाज बहुतांशी निघून गेला. अब्बास यांच्या आप्तांनाही गाव सोडावे लागले. एकाला मिळालेला आसरा दुसऱ्याच्या रिकाम्या झालेल्या घरात होता, हे पानिपतचे दुसरे आणि अधिक अवघड सत्य आहे. १७६१ मध्ये भरतपूरच्या माणसांनी आपले काही दिले होते. १९४७ मध्ये जे दिले गेले त्यातले बरेचसे दुसऱ्या कोणाचे होते.

तरीही नव्याने आलेल्या तरुणांनी गाव उभे केले, हे नाकारता येत नाही. पश्चिम पंजाबातून आलेल्यांत विणकर कुटुंबे होती. त्यांनी खेस, चादरी आणि सतरंज्या विणायला घेतल्या, आणि पुढच्या काही दशकांत पानिपत हे देशातील हातमागाचे मोठे केंद्र झाले. येथेही तीच साखळी दिसते. एका गावचे लोक शक्य तेथे एकत्र वसले. बापाचा धंदा मुलाने उचलला. ज्याच्यापाशी माग होता त्याने ज्याच्यापाशी नव्हता त्याला कामास लावले.

याच रस्त्यावर, उत्तरेस, याचा आणखी एक प्रयोग झाला. कुरुक्षेत्राच्या अवाढव्य छावणीत एके काळी तीन लाखांच्या घरात माणसे होती. सरकारी शिधा मिळत होता, पण रिकाम्या हातांचे तरुण खचत चालले होते. सुरेंद्रकुमार डे या अभियंत्याने तेथे धंदेशिक्षणाचे केंद्र चालवले आणि १९४८ मध्ये ते निलोखेडीच्या दलदलीच्या जागेवर नेले. निर्वासितांनी स्वतः ती जागा साफ केली, घरे बांधली, कार्यशाळा चालवल्या, सहकारी दुकाने काढली. फुकट शिध्याऐवजी काम, आणि कामाबरोबर गावच्या कारभारात वाटा, हे त्यांचे सूत्र होते. १९५२ मध्ये देशभर सुरू झालेल्या सामूहिक विकास योजनेमागे या अनुभवाची प्रेरणा होती, आणि तिची धुरा डे यांच्याचकडे आली. माधवरावांच्या दरबारात जे घडले आणि निलोखेडीच्या चिखलात जे घडले, त्यांतले तत्त्व एकच आहे. खचलेल्या तरुणाला आधी जेऊ घालावे लागते हे खरे, पण जेवण हा पुनर्वसनाचा आरंभ असतो, शेवट नव्हे.

८

मग मराठी समाजाने हे ऋण जाणले काय? काही प्रसंगी जाणले, असे म्हणता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. सायबेरियाची थंडी आणि उपासमार सोसून आलेल्या त्या मुलांसाठी छावणीत त्यांच्याच भाषेच्या शाळा होत्या, चर्च होते, बालवीर पथके होती. त्यांना कोल्हापुरी करण्याचा हट्ट कोणी धरला नाही, म्हणूनच कदाचित त्यांतली कितीतरी मुले आयुष्यभर कोल्हापूरला आपले म्हणत राहिली. कल्याणच्या लष्करी छावण्यांत आलेल्या सिंधी निर्वासितांनी उल्हासनगर उभे केले, तेही याच मातीत. मात्र ही उदाहरणे स्वतःची पाठ थोपटण्यासाठी वापरू नयेत. ती अपवाद होती की आपला स्वभाव, याचा निर्णय पुढच्या प्रत्येक प्रसंगी नव्याने करावा लागतो.

पानिपतजवळ काला आंब येथे रणभूमीचे स्मारक आहे. मराठी प्रवासी तेथे जातात, माथा टेकतात, डोळे पुसतात. ते योग्यच आहे. परतीच्या वाटेवर त्यांनी गावातल्या गिरण्यांकडेही एकदा पाहावे. जगभरातून आलेले जुने लोकरी कपडे तेथे पिंजून, कातून पुन्हा विणले जातात. त्यांतून होणारी स्वस्त, जाड पांघरुणे गेल्या काही दशकांत भूकंप, पूर आणि युद्ध यांतून बाहेर पडलेल्यांसाठी मदतसंस्थांनी मोठ्या प्रमाणावर विकत घेतली. हा धंदा आहे, दानधर्म नव्हे. त्यातील कामगारांचे कष्ट आणि धुळीने भरलेली छाती यांचाही हिशेब कधीतरी व्हावयास हवा. तरीही, कोणत्या तरी दूरच्या छावणीत थंडीच्या रात्री एखाद्या अनाम मुलाच्या अंगावर पानिपतचे पांघरूण पडलेले असेल, ही कल्पना मराठी मनाला अस्वस्थ करणारी आहे. १५ जानेवारी १७६१ च्या पहाटे आपली मुले त्याच मैदानाच्या कडेने उघडी चालत होती, आणि कोणीतरी, ज्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही, त्यांच्या अंगावर काहीतरी घातले होते.